गव्हाळे थांब्याची रुजुवात

घरातलं जे काही असेल ते आपल्या नावावर असावं, ही जिजीची पहिल्यापासूनची रीत. नवरा गेला तेव्हा पोरगी नऊ वर्षांची, पोरगा पाचाचा, आणि दीर सातबाऱ्याकडे बोक्यासारखे टक लावून बसलेले. तेव्हापासून शेत, विजेचं मीटर, गॅस, नळ, सगळ्यावर एकच नाव : कस्तुराबाई दौलत महाजन. पुढे मोबाइल आले, तेही तिच्याच नावावर घेतले. एक तिचा, एक सुनेचा. सही करायला तिला पुरतं एक मिनिट लागायचं. त्या मिनिटात दुकानदारानं घड्याळाकडे पाहिलेलं तिला खपायचं नाही.

या रीतीचा असा पायगुंता होईल हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं.

गव्हाळे हे गाव रुळांना अगदी खेटून आहे. सुरतेची गाडी गेली की जिजीच्या फडताळातल्या ताटल्या वाजतात. पण गाडी थांबत नाही. गाव गाडीला बघतं आणि गाडी बघून न बघितल्यासारखं करते, श्रीमंत व्याह्यासारखं. गाडीत बसायचं तर आधी रिक्षानं फाट्यावर जायचं, फाट्यावरून बसनं धरणगावला, आणि तिथून गाडी धरून उलटं आपल्याच गावावरून अमळनेरला. खिडकीतून आपलं घर दिसतं, दारातली म्हैस दिसते. उतरता येत नाही.

आणि आता कागद आला होता. भुसावळ ते नंदुरबार चार डब्यांची छोटी गाडी, दर चाळीस मिनिटांनी. मध्ये नवे थांबे. यादीत गव्हाळ्याचं नाव होतं, पण त्याच्यापुढे लिहिलं होतं : रुजुवातीवर अवलंबून.

ती रुजुवात गुरुवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये लागली. मोजणी खात्याकडून तांबोळी मॅडम आल्या होत्या, धुळ्याच्या. वयानं तिशीच्या आत, पण आवाज खणखणीत. आधी त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं.

"पूर्वी थांबा मागायला गेलं की साहेब विचारायचे, तिकिटं किती खपतात?"

"थांबा नाही तर तिकीट कुठून खपेल?" पहिल्या रांगेतून जिजी म्हणाली. "पोर झाल्याशिवाय लग्न करणार नाही, असं म्हणणं झालं ते."

हॉल हसला. मॅडमही हसल्या.

"म्हणून आता तिकिटं मोजत नाही, आजी. माणसं मोजतो. तुमचा फोन दर थोड्या वेळानं जवळच्या टॉवरला सांगत असतो, मी इथं आहे. वर्ष-दीड वर्षाच्या अशा खुणा जोडल्या की माणसाचा माग निघतो. त्याला बसची तिकिटं जोडायची, बाजार जोडायचा, औषधं जोडायची. त्यातून माणसाच्या सवयी कळतात. त्या सवयी घेऊन यंत्रात तुमच्यासारखंच एक माणूस उभं करायचं. त्याला आम्ही पडछाया म्हणतो. मग यंत्रात गाडी सोडायची, दहा हजार सकाळी. एखाद्या सकाळी पाऊस, एखाद्या सकाळी लगीनघाई, एखाद्या सकाळी गुडघा धरलेला. पडछाया दर वेळी ठरवते, गाडी धरायची की घरी बसायचं. दहा हजारांतून किती वेळा ती गाडीत चढली, त्यावरून खात्याला कळतं थांबा चालेल की नाही."

जिजी म्हणाली, "कणीक तिंबली की हाताला कळतं, मांडा टिकेल का फाटेल. तसंच ना?"

"अगदी तसंच. फक्त आमचा हात दहा हजार वेळा फिरतो."

"एवढे मांडे खाणार कोण, माय!"

पुन्हा हशा झाला. मॅडमनी पुढचा नियम सांगितला. मध्यंतरी कोणी एक जण कोर्टात गेला होता. म्हणाला, माझ्या पडछायेला विचारून माझ्या गावचा निकाल लावता, मग मला का विचारत नाही? तेव्हापासून खात्याला पडछाया माणसासमोर आणून बोलवावी लागते. माणसानं ऐकायचं आणि सांगायचं, ही मीच, किंवा ही मी नाही. चारशे 'हो' झाले तर थांबा. नाही झाले तर पाच वर्षं नाव काढायचं नाही. आणि 'हो' म्हटलेल्यांनी थांबा सुरू झाल्यावर तीन महिने खरंच प्रवास करायचा. पडछाया फिरतेय आणि माणूस ओट्यावर बसलंय असं दिसलं तर थांबा उचलणार.

दुपारपर्यंत चारशे पाच 'हो' झाले. त्यांत जिजीच्या सात जणी होत्या.

या सात जणी म्हणजे जिजीचा मांड्यांचा ताफा. खानदेशात लग्न म्हटलं की मांडे लागतात, आणि मांडे म्हटले की दोन तालुक्यांत जिजीचं नाव निघतं. चुलीवर उपडं मातीचं खापर, आणि पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ओढणीएवढी पातळ करून त्या खापरावर टाकायची. सात जणी कणीक तिंबायच्या, पुरण वाटायच्या, जाळ बघायच्या. सून हर्षाली पाणी द्यायची आणि फोनवर लग्नांच्या सुपाऱ्या घ्यायची, कारण जिजी फोनला हात लावत नसे. तिचा फोन फडताळात पिठाच्या डब्यावर पडून असायचा. मांडा मात्र फक्त जिजी फिरवायची. दुसऱ्या कुणी लाटीला हात लावला तर ती लाटी म्हशीच्या घमेल्यात जायची.

सातही जणींनी सकाळी एकच सांगितलं होतं : जिजी जाईल तिथं आम्ही. यंत्रातही तसंच निघालं होतं. सातांच्या पडछाया जिजीच्या पडछायेला बांधलेल्या.

शेवटी जिजीची पाळी आली. पडद्यावर चेहराबिहरा काही नव्हता. गावाचा नकाशा, त्यावर एक लाल ठिपका, आणि आवाज. आवाज जिजीचाच. पंधरा दिवसांपूर्वी खात्याची एक मुलगी घरी येऊन दोन मिनिटं बोलून घेऊन गेली होती, त्यावरून बनवलेला. त्या दोन मिनिटांत जिजीनं तिला तीनदा झापलं होतं, तो खरखरीतपणाही आवाजात उतरला होता.

"राम राम," पडछाया म्हणाली. "मी कस्तुराबाई दौलत महाजन. लगीनसराईत मी खापर घेऊन गावोगाव जाते. सोबत सात जणी असतात."

"खरं आहे," जिजी म्हणाली.

"एरवी मी दर मंगळवारी अमळनेरला जाते. सकाळी साडेनऊला निघते, पोचायला साडेबारा होतात. दोन तास थांबते. घरी यायला साडेपाच. गाडी झाली तर मी दहाला निघेन आणि तीनच्या आत घरी असेन."

"काय बरळतेय ही?" जिजी मॅडमकडे वळली. "अमळनेरला माझं काय जळतंय?"

"तुम्ही तिलाच विचारा, आजी."

"कुणाकडे जातेस गं?"

"उज्ज्वलाकडे," पडछाया म्हणाली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. उज्ज्वला म्हणजे जिजीची थोरली, अमळनेरला दिलेली. पाच वर्षांपूर्वी तिनं तिथं मांड्यांचा कारखाना टाकला होता. यंत्राचा. विजेच्या तव्यावर छापल्यासारखे गोल मांडे, थंड करून पुडक्यात बंद. जिजीला कुणी सांगितलंही नव्हतं. धरणगावात किराण्याच्या दुकानात बर्फाच्या पेटीत तिला ते पुडकं दिसलं, आणि पुडक्यावर स्वतःचा फोटो. वर लिहिलेलं : जिजीचे मांडे. त्याच दिवशी ती अमळनेरला गेली, रस्त्यात उभं राहून लेकीला म्हणाली, "आईला बर्फात घातलंस गं. तुझ्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही." आणि ठेवला नव्हता. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं.

"पाच वर्षं मी त्या गावची वेस ओलांडली नाही," जिजीचा आवाज चढला. "कशाला जाऊ मी तिच्याकडे?"

"खांदा चालत नाही आता," पडछाया शांतपणे म्हणाली. "उजवा. मांडा डावीकडे कलतो. मरायच्या आधी हा हात कुणाला तरी द्यायला नको का?"

जिजीचा हात आपोआप उजव्या खांद्यावरचा पदर ओढायला गेला. खांद्याचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. पोराला नाही, सुनेला नाही, डॉक्टरला तर नाहीच.

"ही मी नाही," ती म्हणाली. मग थांबली. "म्हणजे... थांबा जरा."

तिला काही सुधरेना. मंगळवारचं साफ खोटं होतं आणि खांद्याचं साफ खरं होतं. अर्धं खोटं बोलणारी माणसं तिनं आयुष्यभर पाहिली, पण ती दुसऱ्याबद्दल बोलायची. हे तिच्याच आवाजात, तिच्याबद्दल.

"हिला खांद्याचं कुणी सांगितलं?"

मॅडमनी बोटानं काहीतरी वर सरकवलं. "मलम. वर्षभरात एकोणीस नळ्या, तुमच्या खात्यातून. राबणाऱ्या बायांचा बहुतेक उजवाच खांदा जातो, आणि तो गेला की काम डावीकडे कलतं, एवढं यंत्राला ठाऊक आहे. आणि या हंगामात तुम्ही निम्मी लग्नं नाकारली. माणूस का जातं आणि का जात नाही, ते यंत्र अशा गोष्टींवरून जुळवतं. बोलणी ऐकत नाही ते, आजी. कारण चुकू शकतं. पण वाट चुकत नाही. तुमचा फोन गेल्या दीड वर्षात सहासष्ट मंगळवार अमळनेरला गेलाय."

"माझा फोन फडताळात आहे!"

"तुमच्या नावावर दोन आहेत. एक हलतच नाही. जो लग्नांना तुमच्या चुलीजवळ असतो, सात जणींना फोन लावतो, तो यंत्रानं तुमचा धरला."

जिजी उठली. "किती वाजेपर्यंत आहे तुमची रुजुवात?"

"पाच."

"मी आले," ती म्हणाली, आणि चप्पल न घालताच निघाली. मागून सरपंच भिकन आप्पा चप्पल हातात घेऊन धावला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. डोकं तापलंय, पाय तरी गार राहू देत."

रस्ताभर ती स्वतःशी पुटपुटत होती. लग्नात चुलीजवळ असतो तो फोन हर्षालीचा. सुपाऱ्या घेतो तोही हर्षालीचा. मंगळवारी अमळनेरला जातो तो... पण हर्षाली अंगणवाडीत मदतनीस. मंगळवारी तिचं ट्रेनिंग असतं. दीड वर्ष चाललंय. एवढं ट्रेनिंग तर विमान चालवायलाही लागत नसेल, असं जिजीनं दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

हर्षाली ओट्यावर डाळ निवडत होती. कपाळाला पदर लावून, नेहमीसारखी खाली मान घालून. तिचा नवरा किशोर सुरतेला कामाला, महिन्यातून एकदा येणारा, त्यामुळे घरात या दोघीच. सोळा वर्षांत ती सासूला कधी उलटून बोलली नव्हती. जिजीला त्याचा थोडा रागच यायचा. भांडायला समोर कुणी असलं तर घराला घरपण येतं.

"तुझा फोन कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या," हर्षाली म्हणाली. "का?"

"ट्रेनिंग कुठं असतं?"

हर्षालीचा हात सुपात थांबला.

"अमळनेरला असतं का? उज्ज्वलाच्या घरात?"

हर्षालीनं सूप बाजूला ठेवलं. रडेल असं जिजीला वाटलं होतं. ती रडली नाही.

"मांडे करते तिथं," ती म्हणाली.

"यंत्रावर?"

"हातावर. खापरावर."

"तुला येतात?"

"सोळा वर्षं तुमच्या बाजूला बसून पाणी दिलं, जिजी. डोळे बांधून नव्हते बसले."

जिजी ओट्याच्या कडेला टेकली. हिच्या तोंडाला आज कुठून धार आली? आणि ती धार ऐकून आपल्याला राग यायच्या ऐवजी हे काय होतंय, तेही तिला कळेना.

"ताईंनी यंत्र दोन वर्षांपूर्वीच विकलं," हर्षाली सांगत राहिली, एकदा बांध फुटल्यावर पाणी थांबत नाही तशी. "मांडा घडी घातली की तडकायचा. लोकांनी परत आणून दिले. मग ताईंनी चूल मांडली, पण त्यांना हातावर फिरवणं जमेना, लहानपणी शिकल्याच नाहीत ना, तुम्ही लाटीला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांनी मला विचारलं. मला इथं कुणी विचारत नव्हतं."

"मला सांगायचं होतंस."

"घरात त्यांचं नाव घ्यायची सोय आहे?"

जिजीनं सुपातला एक खडा उचलला आणि बघत बसली.

"पुडक्यावर माझा फोटो आहे अजून?"

"आहे."

"कुठला?"

"आमच्या लग्नातला. तुम्ही मांडा फिरवताय तो."

"त्यात केस काळे आहेत माझे," जिजी म्हणाली. मग आपण हे काय बोललो असं वाटून तिनं खडा अंगणात भिरकावला. "आणि माझं तिकडे विचारते का कधी? ती?"

"रोज फोनवर पहिलं तेच. तुमचा खांदा कसा आहे."

"तिला खांद्याचं काय माहीत?"

"मी सांगितलं. उशीखाली नळ्या सापडतात, जिजी. अंथरूण कोण काढतं?"

म्हणजे यंत्राला माहीत, सुनेला माहीत, लेकीला माहीत. फक्त आपल्याला वाटत होतं की कुणाला माहीत नाही. पडछायेचे पाय हर्षालीचे होते आणि खांदा तिचा स्वतःचा होता. मग दर मंगळवारी अमळनेरला जाणारी ती बाई होती तरी कोण?

फटफटीचा आवाज आला. भिकन आप्पा. मागे मथुराबाई बसलेली, सात जणींतली सगळ्यात जुनी.

"जिजी, साडेचार झाले," आप्पा अंगणातूनच ओरडला. "'हो' म्हणून टाका ना. काय जातं तुमचं?"

"काय जातं? उद्या यंत्र म्हणेल भिकन आप्पानं पाण्याच्या टाकीचं सिमेंट घरी नेलं. म्हणशील हो?"

आप्पा फटफटी स्टँडला लावण्यात गुंतला. त्या सिमेंटवर बोलायची ही वेळ नव्हती.

मथुराबाई पुढे आली. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अमळनेरला न्यावं लागायचं. फाट्यावर बसची वाट बघत तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा व्हायचा, हे जिजीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आमच्यासाठी खोटं बोलू नका, जिजी," मथुराबाई म्हणाली. "पण तुम्ही नाही म्हटलं तर आम्ही सात जणीही गळतो, असं मॅडम म्हणतात. मग तीनशे अठ्ठ्याण्णव राहतात."

"दोन कमी," आप्पा म्हणाला.

"मला हिशोब येतो," जिजी म्हणाली. "दुसरी शिकलेय मी."

फटफटीवर ती बसली नाही. चालतच गेली. हर्षाली मागून, चार पावलं अंतर ठेवून.

हॉलमध्ये पोचली तेव्हा मॅडम वायरी गुंडाळायला लागल्या होत्या. जिजी समोरच्या खुर्चीत बसली.

"एक विचारू? समजा, एकीचे पाय आणि दुसरीचा हात एकाच पडछायेत मिसळले. मग?"

मॅडमचे हात थांबले. त्यांनी जिजीकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या हर्षालीकडे.

"मग ती पडछाया बाद," त्या हळूच म्हणाल्या. "तिला बांधलेल्या सगळ्या बाद. मला तसं कळलं तर मला लिहावं लागेल." आणि जरा थांबून, "तुम्ही 'समजा' म्हणालात ना, आजी?"

"समजाच म्हटलं."

"मग मी काही ऐकलं नाही. बोला, ही तुम्हीच का?"

लाल ठिपका पडद्यावर गव्हाळ्यातच बसला होता, हलत नव्हता. जिजीला वाटलं, तोही आपल्याकडे बघतोय.

'नाही' म्हणणं सोपं होतं. ते खरंही होतं, आणि आयुष्यात तिनं 'नाही' म्हणूनच सगळं राखलं होतं. शेत राखलं, घर राखलं, हात राखला. 'हो' म्हटलं तर खोटं. पण सगळंच खोटं का? हात कुणाला तरी द्यायला हवा असं जे ती मेली पडछाया म्हणत होती, ते जिजीनं गेल्या पौषात, मांडा पहिल्यांदा हातावर फाटला तेव्हा, मनात म्हटलं होतं. शब्दही तेच होते. की आता ऐकल्यावर तसं वाटतंय? तिला खरंच आठवेना. आपण आधी म्हटलं की यंत्रानं, याचा गुंता काही सुटेना.

"आज ही मी नाही," ती शेवटी म्हणाली. "पण थांबा सुरू होईल त्या मंगळवारपासून असेन. याला तुमच्या यंत्रात बटण आहे का?"

"नाही आजी. दोनच आहेत."

"शिकलेल्या लोकांचं हे असंच. दोन बटणांच्या वर डोकं जात नाही." जिजीनं बोट पुढे केलं. "कुठं दाबायचं 'हो'ला?"

हॉलबाहेर आप्पानं टाळी वाजवली. मथुराबाई मात्र टाळी न वाजवता भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली.

पुढचे सात महिने रुळांच्या कडेला मुरूम पडला, लोखंडी पत्र्यांचा फलाट उभा राहिला, आणि पाटीवर गावाचं नाव रंगवलं गेलं. पहिल्यांदा 'गव्हाळे' ऐवजी 'गव्हाणे' रंगवलं, ते जिजीनं रंगाऱ्याकडून उभं राहून दुरुस्त करून घेतलं. या सात महिन्यांत घरात अमळनेरचं नाव निघायला लागलं नव्हतं, पण मंगळवारी हर्षाली निघताना "ट्रेनिंगला जाते" म्हणेनाशी झाली होती. नुसतं "जाते" म्हणायची. जिजी म्हणायची, "बरं."

पहिल्या मंगळवारी एक नवाच घोळ झाला. मोजणीत धरलेला फोन हर्षालीचा होता, म्हणजे तो जिजीच्या कमरेला हवा. आणि हर्षालीला कामाचे फोन घ्यायचे म्हणून ती जिजीचा फडताळातला घेऊन निघाली. फलाटावर जिजीच्या कमरेत फोन वाजला आणि पलीकडून कुणी म्हणालं, "हर्षू, काय गं, सासू गेली का बाहेर?"

"सासूच बोलतेय," जिजी म्हणाली. फोन लगेच बंद झाला.

गाडी आली. खरंच थांबली. ताटल्या न वाजता आलेली गाडी जिजी पहिल्यांदाच पाहत होती. मथुराबाईनं नवऱ्याला हात धरून आत चढवलं, तो खिडकीशी बसला, बसूनच राहिला, आडवा झाला नाही. खिडकीतून जिजीचं घर गेलं, म्हैस गेली. जिजीनं पान लावायला घेतलं. चुना लावून होतोय तोवर लोक उठायला लागले.

"काय झालं?"

"अमळनेर आलं, जिजी."

"एवढ्यात?" ती जवळजवळ रागावूनच म्हणाली. काय बोलायचं ते तिनं अजून ठरवलं नव्हतं. पूर्वीच्या तीन तासांत माणसाला ठरवायला वेळ तरी मिळायचा.

उज्ज्वला दारात उभी होती. हात कोपरापर्यंत पिठाचे. केस पांढरे झालेले. लेकीचे केस आपल्यासारखे पांढरे झालेले बघायला कुणाला बरं वाटतं?

"जिजी," उज्ज्वला म्हणाली. "आत ये ना गं."

जिजी उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. "नाही येणार. बोलले ते बोलले."

उज्ज्वलाचा चेहरा उतरला. हर्षालीनं डोळे मिटून घेतले. जिजीनं पायरीवर पदरानं जागा झटकली आणि मांडी घालून बसली.

"खापर बाहेर आण. चूल इथं मांड. आत धुरानं डोळे फोडून घेण्यापेक्षा बाहेर बरं."

विटांची चूल मांडली, खापर तापलं. उज्ज्वला जाळ घालायला बसली. हर्षालीनं लाटी उचलली, पदर खोचला, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा सासूसमोर हातावर मांडा फिरवायला घेतला. पातळ होत होत तो तिच्या कोपरापर्यंत उतरला. जिजी बघत होती. पोत चांगला होता. कड एकसारखी होती. पण मांडा डावीकडे कलत होता. उजवा खांदा वर न उचलता, अंग किंचित तिरकं करून.

"कलतोय," जिजी म्हणाली.

"तुम्ही असाच करता ना, जिजी. मी तसाच शिकले."

दुखऱ्या खांद्याचा मांडा हिनं रीत समजून उचलला होता. यंत्रानं सांगितलं होतं, मांडा डावीकडे कलतो. कुणाचा, हे कुठं विचारलं होतं तिनं?

"ती रीत नाही, बये. तो आजार आहे," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. मागून जाऊन तिनं हर्षालीचं उजवं कोपर तळव्यात धरलं आणि वर उचललं. मांडा सरळ झाला, गरकन फिरला, खापरावर पडला आणि फुगला.

उज्ज्वला जाळाकडे बघत म्हणाली, "फोटो काढून टाकू का पुडक्यावरचा?"

"राहू दे. त्यात मी बरी दिसते. खाली लिही, हात हर्षालीचा."

तेवढ्यात जिजीच्या कमरेतला फोन थरथरला. तिनं तो हर्षालीपुढे धरला. "काय म्हणतंय वाच."

हर्षालीनं पिठाचे हात लांब ठेवून मान वाकवली. "प्रवास जुळला म्हणतंय. तुम्ही ताईंच्या घरात पोचलात."

"खोटारडं आहे मेलं. मी उंबऱ्याबाहेर आहे," जिजी म्हणाली, आणि फोन पुन्हा कमरेला खोचला. "दुसरी लाटी घे. कोपर वर."